सर्जा फक्त रात्री पाणी प्यायचा

१

सर्जा बुडाला, पण पुरता बुडाला नाही, आणि हेच जास्त लाजिरवाणं झालं. हुसेनसागराच्या काठाशी पाणी उथळ. त्यामुळे मागचं धूड तळाला टेकलं आणि नाक आभाळाकडे करून तो तसाच राहिला. सकाळी टँकबंडच्या बांधावर फिरायला येणारी माणसं थांबून बघू लागली. तलावाच्या मध्ये उभा असलेला बुद्ध मात्र नेहमीसारखाच शांत होता. त्याचं काही बुडालं नव्हतं.

सर्जा म्हणजे बोट. प्रतापराव बिरादारांची. प्रतापराव मूळचे भालकीकडचे. विशीपर्यंत बापाचा नांगर हाकला, मग हैदराबादला येऊन कुकटपल्लीत बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. परमिटांचं राज्य उठलं, बाहेरचा माल येऊ लागला, तेव्हा बाकीच्यांनी रंगीत टीव्ही आणले आणि यांनी विलायती इंजिनाची पांढरीशुभ्र बोट आणली. लोकांना बुद्धाला फेरी मारून आणायची. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा घरातल्यांनी जलराणी वगैरे सुचवलं. हे म्हणाले, सर्जा. त्यांच्या लहानपणच्या बैलाचं नाव. त्यावर कुणाचं काही चाललं नाही.

बोट चालवायचा कुलदीप, प्रतापरावांच्या बायकोचा, रेणूचा, धाकटा भाऊ. गेले काही आठवडे तो सकाळी येऊन सांगत होता की बोटीच्या पोटात पाणी साचतंय. दिवसभर फेऱ्या मारा, आत थेंब नाही. रात्री नुसती बांधून ठेवा, सकाळी पाणी. आत एक छोटा पंप होता, तो आपोआप पाणी उपसायचा, म्हणून निभावत होतं. त्या मंगळवारी रात्रभर उपसून पंपानं बॅटरी संपवली आणि बुधवार उजाडेपर्यंत तलावानं उरलेलं काम केलं.

प्रतापरावांचा राग आधीच तयार होता. शेजारच्या धक्क्यावर नवा बोटवाला आला होता आणि त्यानं कुलदीपला आपल्याकडे बोलावलं होतं, हे त्यांच्या कानावर आलेलं. जमलेल्या सगळ्या लोकांसमोर, नावाडी, फुगेवाला, पोलीस शिपाई, फिरायला आलेले म्हातारे, सगळ्यांच्या देखत ते मेहुण्याला म्हणाले, "दिवसा बोट कोरडी अन् रात्री भरती. बोट काय दिवस-रात्र बघून फुटते का रे? माणूस बघतो. चोर घरातच पोसला मी."

कुलदीपनं किल्ली दाजींच्या हातात दिली आणि निघून गेला. सोमवारी ठाण्यात जाऊन त्याचं नाव देणार, असं प्रतापरावांनी जाहीर केलं.

२

गुरुवारी रेणू विद्यानगरला उषा औरादकरांच्या घरी आली. उषाताई इंजिनिअरिंग कॉलेजात पाण्याचं शास्त्र शिकवायच्या: पाणी कुठून कुठे जातं, किती जोरानं जातं आणि का जातं. चाळिशी उलटलेली, चष्म्याआडून रोखून बघायची सवय, आणि समोरचा बोलत असताना मध्ये अजिबात न बोलायची त्याहून वाईट सवय. रेणूची आणि त्यांची ओळख हिमायतनगरच्या भाजीबाजारातली. दोघी एकाच बाईकडून अंबाडी घ्यायच्या, एवढीच.

रेणूनं रडून घेतलं, मग सांगितलं. कुलदीप दहावीपासून त्यांच्याच घरी वाढलेला. तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. आता तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला होता आणि घरी यायचं नाव काढत नव्हता.

"पोलिसांत नाव गेलं की गेलं, उषाताई. मागून खोटं ठरलं तरी काय उपयोग? लोक म्हणणार, काहीतरी असल्याशिवाय का," ती म्हणाली.

उषाताईंनी विचारलं, प्रतापराव स्वतः बोटीवर किती जातात? रेणूला त्यात विशेष काही वाटलं नाही. जातात की. पहाटे चक्कर, संध्याकाळी चक्कर. लग्नात माझ्याकडे बघितलं नसेल तेवढं त्या बोटीकडे बघतात, म्हणाली, आणि रडता रडता थोडी हसली.

आपण आयुष्यात एकदाच बोटीत बसलोय आणि तेही डोळे मिटून, हे उषाताईंनी तिला सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की ती बोट आता कुठे आहे.

३

बोट कुकटपल्लीच्या एका शेडमध्ये ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. तिथला मेकॅनिक श्रीकांत मुळ्ये पुण्याचा. इंजिन विकणाऱ्या कंपनीनं त्याला वर्षभरासाठी इकडे पाठवलेलं. हुशार होता, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्त वेळा आठवायचं.

उषाताई बोटीच्या मागे गेल्या आणि थबकल्या. त्यांना वाटलं होतं, मागे लोंबकळणारं एखादं यंत्र असेल. इथे इंजिन बोटीच्या पोटात होतं, मोटारीच्या इंजिनाएवढं. आणि बोटीच्या मागच्या भिंतीला चक्क एक गोल भोक पाडलं होतं, मोठ्या ताटाएवढं. त्या भोकातून इंजिनाचा दांडा बाहेर आला होता, आणि बाहेर एक जाडजूड लोखंडी पाय पाण्यात उतरायचा, टोकाला पंखा असलेला. तो पाय डावीकडे वळायचा, उजवीकडे वळायचा, बटण दाबलं की गुडघ्यातून उचलल्यासारखा वरही यायचा. एवढं सगळं हलतं-डुलतं आणि मधलं भोक पाण्याखाली.

"मग या भोकातून पाणी आत का येत नाही?" त्यांनी विचारलं.

श्रीकांतनं बोट दाखवलं. भोक आणि पाय यांच्यामध्ये पेटीच्या भात्यासारखी, चुण्या-चुण्यांची काळी रबरी नळी होती. ती पायाबरोबर वाकते, पसरते, आकसते, आणि पाणी बाहेर ठेवते.

उषाताई खाली वाकून त्या रबराकडे बघत राहिल्या. वीस वर्षं पाणी शिकवलं, पण असं धाडस त्यांनी पाहिलं नव्हतं. बोट बांधायची, मग तिला मुद्दाम पाण्याखाली भोक पाडायचं, आणि अख्ख्या तलावाला सांगायचं, तू या चुणीपलीकडे थांब. आणि तलाव थांबतो. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याच्या पायाला हात लावावा असं त्यांना वाटलं. त्यांनी बोटानं ती चुणी दाबली. करंगळीच्या नखाएवढीही जाड नव्हती.

श्रीकांतनं आपण काय काय तपासलं ते सांगितलं, आणि ते व्यवस्थित होतं. पाणी दोन वाटांनी येऊ शकतं. एक म्हणजे इंजिन स्वतःला गार ठेवायला जे पाणी ओढतं, ते फुटक्या नळीतून आत गळतं. म्हणून त्यानं पायाला नळाचं पाणी लावून इंजिन तासभर चालवलं. थेंब नाही. दुसरी वाट तलावाची. तळाची बुची घट्ट, भिंतीभोवतीची पट्टी शाबूत. पायातलं तेल काढून बघितलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं पांढरं झालं असतं, तेही स्वच्छ. रबराच्या चुण्या बोटांनी चाचपल्या, फाटलेलं काही नाही. मागे एकदा दिवसा तलावात उतरवून ठेवली होती, तेव्हाही कोरडी.

"म्हणजे, मॅडम, यंत्र ओके आहे," तो म्हणाला. "बाकी राहतो माणूस. बुची काढायची, पाणी भरू द्यायचं, परत लावायची. सिंपल."

उषाताई बोटीभोवती एक फेरी मारून आल्या. बोटीच्या पोटाला हिरवट शेवाळ धरलं होतं. हुसेनसागराचं पाणी कशालाही शेवाळ धरायला लावतं. पायावर मात्र शेवाळाचा मागमूस नव्हता. पंख्याची पाती घासून ठेवलेल्या तांब्यासारखी लख्ख होती.

"क्रेननं बोट वर काढली तेव्हा हा पाय कसा होता?" त्यांनी विचारलं.

"वर होता. इथे आणल्यावर मी खाली घेतला. वाटेत आपटू नये म्हणून कुलदीपनं उचलला असणार."

"कशानं उचलला? बॅटरी तर रात्रीच संपली होती, आणि वर पाण्यात बुडालेली."



४

शनिवारी दुपारी उषाताई धक्क्यावर गेल्या. ऊन तलावावर पसरलं होतं आणि त्यातून तो प्रचंड दगडी बुद्ध, एका अखंड शिळेतून उभा राहिलेला, जणू नुकताच पाण्यातून वर आला होता. इतका मोठा दगड पाण्याच्या मधोमध उभा राहतो आणि इतकं पातळ रबर पाण्याला अडवतं, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींशेजारी बसल्या आणि काही केल्या उठेनात.

कुलदीप मित्राबरोबर तिथेच एका भिंतीवर बसला होता. दाढी वाढलेली. नव्या बोटवाल्यानं बोलावलं होतं हे त्यानं नाकारलं नाही. आपण नाही म्हणालो होतो, हेही त्यानं सांगितलं. पण ते दाजींना सांगायची आता इच्छा उरली नव्हती.

पायाचं विचारल्यावर तो पटकन म्हणाला, की आपण बोट बांधताना पाय नेहमी खाली ठेवतो. शिकवणाऱ्यानं तसंच शिकवलंय. सकाळी येतो तेव्हा पाय खालीच असतो. बुधवारी क्रेनवर लटकताना वर दिसला, तेव्हा श्रीकांतनं उचलला असेल असं वाटलं.

म्हणजे श्रीकांतला वाटलं कुलदीपनं उचलला, कुलदीपला वाटलं श्रीकांतनं. दोघांच्या मधल्या जागेत तिसरं कुणीतरी आरामात उभं होतं.

"तो उचलायला किल्ली लागते?"

"नाही ताई. बटण सरळ बॅटरीवर आहे. कुणीही दाबावं."

मग उषाताई धक्क्याच्या राखणदाराकडे गेल्या. यादय्या म्हातारा, धक्क्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला. फाटकाचं कुलूप त्याच्याच हाती. शपथेवर सांगायला त्याला सांगावंही लागलं नाही.

"कोई नै आया अम्मा. मैं सोताच नै. कुलदीप बाबू शाम को गए तो सुबेच आते. बीच में चिड़िया बी नै आयी."

"कोणीच नाही? संध्याकाळी, पहाटे, कधीच नाही?"

"नै अम्मा. कोई नै."

मग उषाताईंनी वेगळंच विचारलं. "साहेब येतात का?"

यादय्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की जणू सूर्य उगवतो का असं विचारलंय. "हौ, साब तो रोज आते. शाम को बी, फजर को बी. उनकीच तो बोट है."

उषाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. आपल्याकडे काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते काही उगीच नाही. पण ज्याच्या काखेत कळसा आहे त्याला तो दाखवायचा कसा? नुसतं सांगितलं तर तो माणूस मान्य करणार नाही, आणि सोमवार तर परवावर आला होता.

५

रविवारी सकाळी सगळे शेडमध्ये जमले. प्रतापराव नवीन इस्त्रीच्या शर्टात, रेणू पदर हाताला गुंडाळत, कुलदीप दारापाशी, आत यायचं की नाही अशा बेतात. श्रीकांतनं सर्जाला नवी बॅटरी जोडली होती.

उषाताईंनी प्रतापरावांना बोटीत चढायला सांगितलं. इंजिनाच्या मागे पालथं पडून, बॅटरीचा कंदील आत धरून, भिंतीच्या भोकाकडे बघत राहायचं. त्यांना हा पोरकटपणा वाटला, पण कॉलेजातली बाई सांगतेय म्हटल्यावर पडले. बाहेर श्रीकांतनं पाय खाली ठेवूनच त्या रबरी चुण्यांवर जोरात पाण्याची नळी सोडली. बराच वेळ.

"कोरडं हाय," आतून आवाज आला. "म्या सांगितलंच होतं. यंत्र चांगलंय."

"आता बघत राहा," उषाताई म्हणाल्या, आणि बटण दाबलं.

घरघर करत पाय वर येऊ लागला. जसजसा वर आला तसतसं रबर वरच्या बाजूनं आकसलं आणि खालच्या बाजूनं ताणलं गेलं. श्रीकांतनं वाकून पाहिलं. सगळ्यात खालच्या चुणीच्या खोबणीत केसाएवढी एक रेघ होती. पाय खाली असताना ती चुणी मिटलेली, रेघही मिटलेली, बोटांनी चाचपून कुणालाही कळणार नाही. पाय वर आला की ती ओठ उघडल्यासारखी उघडत होती.

आत प्रतापरावांच्या कंदिलाच्या उजेडात भिंतीच्या भोकातून एक थेंब आला. थांबला. मग दुसरा. मग गाईच्या आचळातून निघावी तशी बारीक, सरळ धार लागली. प्रतापराव पालथेच पडून ती बघत राहिले. एवढीशी धार, आणि तिनं एवढी बोट ओढून तळाला नेली. फक्त पाण्याचा आवाज येत होता.

उषाताईंनी बटण दाबून पाय खाली घेतला. धार थांबली. पुन्हा वर. धार सुरू. नळीचं पाणी बंद केल्यावरही त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, पाण्याच्या या आज्ञाधारकपणापुढे थक्क होऊन. मग म्हणाल्या, "बोट तलावात उभी असते तेव्हा हा भाता पाण्याखालीच असतो. दिवसा पाय खाली, रेघ मिटलेली, बोट कोरडी. रात्री कुणीतरी पाय वर उचलत होतं. पहाटे परत खाली करत होतं. बुधवारी तो खाली करायचा राहिला, कारण बोटच तळाला गेली. आणि हे बरेच महिने चाललंय. तो पाय रोज रात्री पाण्याबाहेर राहिला म्हणून त्यावर शेवाळ नाही. रबर रोज रात्री एकाच बाजूनं ताणलेलं राहिलं म्हणूनच तिथे चिरलं. रेघ कुणी पाडलेली नाही, ती पडत गेली."

प्रतापराव बोटीतून खाली उतरले. शर्टाच्या पुढच्या भागाला तेल लागलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे कुलदीपवर.

"म्हणजे उचलणारा तर हायच की," ते म्हणाले. "विचारा त्याला, कशाला उचलत होता."

६

कुलदीप दारातून हलला नाही. रेणूनं भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

उषाताईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "प्रतापराव, तुम्ही संध्याकाळी धक्क्यावर जाता ना, तिथे काय करता?"

"म्या? काय करणार. काही नाही. बोटीवरून हात फिरवतो, पाय वर घेतो, नमस्कार करतो, येतो."

वाक्य संपलं. प्रतापराव उषाताईंकडे बघत राहिले, यांना आता पुढचं काय विचारायचंय म्हणून. मग त्यांचे डोळे हळूच त्या लोखंडी पायाकडे वळले, आणि ओठ पुन्हा तेच शब्द पुटपुटल्यासारखे हलले. पाय वर घेतो.

"फाळ रात्रीचा मातीत ठेवत नाहीत, ताई," ते म्हणाले. "आमचे वडील लई मारायचे त्यापायी. दिवस मावळला की नांगर उपसून आडवा ठेवायचा. ओलीत राहिला की गंजतो. अन् दिवसभर राबलेला असतो तो, त्याला रात्री तरी वर घ्यावा. त्या तलावाचं पाणी तुम्ही बघितलंत. त्यात कसा ठेवू म्या? पुसून, वर घेऊन, मगच घरी जात होतो. पहाटे येऊन खाली सोडत होतो, पोरगा यायच्या आधी. ते काय काम म्हणून करत नव्हतो. हात आपोआप जात होता."

यालाच म्हणतात घरचं भूत. बाहेरचा चोर असता तर सापडला असता. हा रोज नमस्कार करून घरी जात होता आणि कुणाच्या मोजण्यातच नव्हता, स्वतःच्याही नाही. उषाताईंना त्याचा राग आला नाही. इतक्या मायेनं कुणी बोट बुडवलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

पण ज्याला राग यायला हवा होता त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. कुलदीप तिथे नव्हता. तो निघून गेला होता.

श्रीकांतनं मुंबईहून नवा भाता मागवला. पाय सोडवून खाली उतरवला तेव्हा कळलं की पाणी आतल्या बेअरिंगपर्यंत गेलंय. हातानं फिरवलं की ते खरखर करायचं. तेही बदललं. भाता चढवताना त्यानं उषाताईंना मुद्दाम बोलावून घेतलं आणि पाय वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करून प्रत्येक वेळी नळी मारून दाखवली. आधीच असं करायला हवं होतं, हे तो स्वतःहून म्हणाला. त्या दिवशी हुशारी त्याला एकदाच आठवली.

सोमवारी प्रतापराव ठाण्यात गेले नाहीत. पण तेवढ्यानं भागत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. ज्याला लोकांत चोर म्हटलं त्याला घरात बोलावून समजूत घालायची, ही अर्धीच परतफेड. सर्जा परत पाण्यात उतरला त्या सकाळी त्यांनी कुलदीपला निरोप पाठवला, आणि तो येईपर्यंत धक्क्यावर उभे राहिले. फिरायला येणारे म्हातारे होते, नावाडी होते, फुगेवाला होता. तो शेजारचा नवा बोटवालाही होता.

कुलदीप आल्यावर प्रतापराव मोठ्यानं बोलले, अर्धं मराठीत, अर्धं दखनीत, कुणी सुटू नये म्हणून.

"बोट म्या बुडवली. इसने नै, मैंने डुबाई. रोज रात्री माझ्याच हातानं. त्याला चोर म्हणालो, ते खोटं होतं. सुनो सब लोगां."

यादय्या खुर्चीतून उठून उभा राहिला. एरवी कधी मान खाली न घालणारे प्रतापराव, डोळ्यांत पाणी आणून मेहुण्यासमोर उभे होते. उषाताई थोड्या लांब होत्या. पाण्याचं एवढं शिकूनही हे पाणी बघायची त्यांना सवय नव्हती.

"उद्यापास्नं येशील ना?" प्रतापरावांनी हळू विचारलं.

कुलदीपनं किल्ली घेतली. "बोट चालवीन, दाजी," तो म्हणाला. "जेवायला घरी यायचं मात्र एवढ्यात म्हणू नका."

प्रतापरावांनी मान हलवली. मागे उभ्या असलेल्या रेणूनंही काही आग्रह केला नाही. तिला माहीत होतं, त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन धक्क्यावर आली आणि बोटीवर ठेवून मागे फिरली. कुलदीप सावलीत बसून एकटाच जेवू लागला. प्रतापराव धक्क्यावर, फेरीसाठी आलेल्या लोकांकडे बघत असल्यासारखे, पण कुणाकडेच न बघता उभे होते. अर्धी भाकरी झाल्यावर कुलदीपनं डब्याचा दुसरा कप्पा उघडला, त्यात काय आहे ते बघितलं आणि वर न बघताच म्हणाला, "दाजी, दोन माणसांचं दिलंय अक्कानं. या."